तोंड कुठं, शेपूट कुठं

माझ्या आईला नागीण झाली ती ऐन गौरी-गणपतीत. चार दिवस आधीपासून डाव्या बरगडीखाली आग होतेय म्हणत होती. पित्त असेल म्हणून सुंठ-साखर झाली, थंड दूध झालं. मग ‘छातीत दुखतंय’ हे शब्द वडिलांच्या कानावर गेले आणि घाबरून त्यांनी तिला दवाखान्यात नेलं. कार्डिओग्राम स्वच्छ आला. पाचव्या दिवशी आंघोळीच्या वेळी तिला पाठीपासून पोटाकडे गेलेली पाण्याच्या फोडांची रांग दिसली. शेजारच्या काकू धावत आल्या, पदर बाजूला करून त्यांनी निरखून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, “हिचं तोंड कुठंय?”

नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळालं की माणूस जातो, हे महाराष्ट्रात शाळेत न जाताही प्रत्येकाला माहीत असतं. त्यामुळे पुढचे आठ दिवस आमच्या घरात औषधापेक्षा मोजमापच जास्त झालं. फोड पोटावर किती सरकले, पाठीवर कुठपर्यंत आले, मध्ये किती बोटं जागा उरली. सणामुळे घरात दूर्वांच्या जुड्या पडलेल्याच होत्या. तांदळाबरोबर त्या वाटून लेप लावला गेला. कुणी गेरू लावा म्हणालं. नागीण उतरवणारा एक माणूस दोन गावं पलीकडे राहायचा, त्यालाही बोलावणं गेलं, पण तो स्वतःच तापानं पडला होता, असा निरोप आला. तोंड-शेपूट काही मिळालं नाही. दोन-तीन आठवड्यांत फोड वाळले, खपल्या पडल्या. जो तो म्हणाला, सुटलीस बाई.

ती सुटली नव्हती. त्यानंतर दीड वर्ष आई ब्लाउज उलटा घालायची, म्हणजे शिवणी बाहेरच्या बाजूला येतील. पंख्याचं वारं लागलं तरी त्या पट्ट्यात चटका बसायचा. रात्री ती पदर हातानं अंगापासून दूर धरून बसून राहायची. त्याचं नाव काय, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. एवढं मोजमाप केलं, पण मोजायचं होतं ते राहूनच गेलं.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या एका डॉक्टरबाईंनी नागिणीच्या लशीवर ही छोटी पुस्तिका लिहिली आणि ‘प्रस्तावना तुम्ही लिहा’ म्हणून माझ्यामागे लागल्या. मी डॉक्टर नाही, असं मी सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, “तुम्ही दोन्ही डोस घेतलेत, दुसऱ्या दिवशी अंथरुणात पडून मला फोनवर शिव्या दिल्यात आणि विमा कंपनीशी पत्रव्यवहारही केलात. अजून काय पात्रता हवी?” तेव्हा पुढचं सगळं त्या पात्रतेवर.

आधी या दुखण्याची गंमत सांगते, कारण ती समजल्याशिवाय लस समजत नाही. नागीण बाहेरून येत नाही. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, आई कडुनिंबाच्या पाल्यावर निजवते, खपल्या पडतात, आपण विसरतो. कांजिण्यांचा विषाणू मात्र विसरत नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी, पाठीच्या कण्यालगत असलेल्या गाठींमध्ये जाऊन निजतो आणि चाळीस-पन्नास वर्षं तसाच राहतो. शरीराचा पहारा वयामुळे, आजारामुळे किंवा औषधांमुळे सैल पडला, की एखाद्या गाठीतला विषाणू उठतो आणि त्या एकाच मज्जातंतूच्या वाटेनं कातडीपर्यंत येतो. वाट कण्यापासून निघते, अर्ध्या अंगाला वळसा घालते आणि पुढं मध्यरेषेवर संपते. म्हणून फोड एका बाजूला, पट्ट्यासारखे. इंग्रजीतला ‘शिंगल्स’ हा शब्द पट्ट्याला असलेल्या लॅटिन शब्दावरून आलाय, आणि ‘झॉस्टर’ म्हणजे ग्रीकमध्येही कमरपट्टाच. त्यांना पट्टा दिसला, आपल्याला नागीण. माझ्या मते आपलं नाव जास्त खरं आहे, कारण त्यात डंख आहे.

आता तोंड-शेपटाचं. मज्जातंतूची वाटच मध्यरेषेवर संपत असेल तर नागीण पलीकडे जाणार कशी? जात नाही. म्हणजे काकूंनी ज्या भीतीनं पदर उचलला, ती गोष्ट बहुतेकांच्या बाबतीत शरीराच्या रचनेमुळेच घडत नाही. तरीही ती म्हण पार खोटी आहे असं म्हणवत नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती अगदीच ढासळलेली असते, कॅन्सरचे उपचार चालू असतात किंवा अवयव बदललेला असतो, त्यांच्यात फोड सगळ्या अंगभर पसरू शकतात, आणि तेव्हा जिवाला खरंच धोका असतो. जुन्या लोकांनी असं कुणीतरी जाताना पाहिलं असणार. त्यांनी पाहिलं ते खरं, लावलेला अर्थ उलटा: नागीण पसरली म्हणून माणूस खचला नव्हता, खचला होता म्हणून ती पसरली.

कांजिण्या आणि नागीण यांचं हे नातं उलगडलं त्यात एका साध्या फॅमिली डॉक्टरचा मोठा वाटा आहे, आणि ती कथा मला फार आवडते. इंग्लंडमधल्या सायरनसेस्टर नावाच्या गावात एडगर होप-सिम्पसन प्रॅक्टिस करायचे. दवाखान्यात येणाऱ्या नागिणीच्या प्रत्येक रुग्णाची ते नोंद ठेवत गेले. १६ वर्षांत १९२ रुग्ण झाले. त्यांच्या लक्षात आलं की वय वाढेल तशी नागीण वाढते, आणि ती कांजिण्यांसारखी साथीनं येत नाही. खात्री करायला ते शेटलंडमधल्या येल नावाच्या बेटावर गेले, जिथं वस्ती इतकी थोडी की कोण कुणाला भेटलं हे लपून राहत नाही. १९६५ साली त्यांनी मांडलं की हा विषाणू नवा लागत नाही, जुनाच जागा होतो. मोठी प्रयोगशाळा नाही, वह्या आणि चिकाटी. आपल्याकडे तालुक्याच्या गावी चाळीस-चाळीस वर्षं दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांच्या कपाटांत अशा किती नोंदवह्या रद्दीत गेल्या असतील, असं मनात येऊन जातंच.

कांजिण्यांच्या लशीची कथा जपानमधली. डॉ. मिचिआकी ताकाहाशी अमेरिकेत संशोधन करत असताना त्यांच्या लहान मुलाला कांजिण्या आल्या आणि त्याची अवस्था फार बिघडली. मूल वाचलं, पण ते रात्रीचं जागरण बाप विसरला नाही. जपानला परतल्यावर त्यांनी ओका आडनावाच्या एका मुलाच्या फोडांतून घेतलेला विषाणू प्रयोगशाळेत वाढवून वाढवून नरम केला आणि १९७४ मध्ये लस जगापुढे आणली. याच नरम केलेल्या विषाणूचा कितीतरी पट मोठा डोस करून नागिणीची पहिली लस झाली. ती २००६ मध्ये अमेरिकेत आली. तिच्या अभ्यासात साठीपुढची ३८,५४६ माणसं होती आणि नागिणीचं प्रमाण निम्म्यावर आलं. निम्मं हे काही थोडं नव्हे. पण वय वाढेल तसा तिचा जोर कमी पडायचा, म्हणजे जिथं गरज जास्त तिथं ती लंगडायची. शिवाय त्यात जिवंत विषाणू असल्यामुळे ज्यांची प्रतिकारशक्ती कमी, त्यांना ती देताच येत नसे.

आज आपल्याकडे जी मिळते ती वेगळी आहे. नाव शिंग्रिक्स. अमेरिकेत ऑक्टोबर २०१७ मध्ये मंजूर झाली, भारतात एप्रिल २०२३ मध्ये पन्नाशीपुढच्यांसाठी आली. हिच्यात विषाणूच नाही, त्याच्या अंगावरचं एक प्रथिन तेवढं आहे. पण नुसतं प्रथिन टोचलं तर म्हातारं शरीर त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून त्याच्या जोडीला शरीराला खडबडून उठवणारं एक मिश्रण घातलंय. त्या मिश्रणातला एक घटक चिलीमधल्या एका झाडाच्या सालीतून काढतात. त्या सालीला पाण्यात फेस येतो. आपल्याकडे केस धुवायला रिठा वापरतात ना, त्याच जातीचा प्रकार. दूर्वा-तांदळाचा लेप लावणाऱ्या काकूंना हे सांगितलं असतं तर त्यांनी लस लगेच मानली असती, झाडपाल्याचीच आहे म्हणून.

या लशीच्या मोठ्या चाचणीतले दोन आकडे मी कुणालाही तोंडपाठ सांगते. १८ देशांतली पन्नाशीपुढची पंधरा हजारांवर माणसं, निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसतं पाणी म्हणावं असं इंजेक्शन. सरासरी तीन वर्षांहून थोडा जास्त काळ लक्ष ठेवलं. पाणी घेतलेल्यांत २१० जणांना नागीण झाली. लस घेतलेल्यांत सहा जणांना. सत्तरीपुढच्यांवर केलेल्या दुसऱ्या चाचणीतही बचाव सुमारे ९० टक्के निघाला, आणि पहिल्या लशीचा जिथं पाय घसरत होता नेमकं तिथंच ही उभी राहिली. दहा-अकरा वर्षांनंतरही बचाव ८० टक्क्यांच्या आसपास टिकलेला दिसलाय. त्या १८ देशांत भारत नव्हता, हेही सांगायला हवं. आपल्याला मधुमेह जास्त, उष्ण प्रदेशात कांजिण्या मोठेपणी येण्याचं प्रमाण जास्त. इथल्या माणसांचे इथले आकडे हळूहळू जमतील तेव्हा जमतील, मी त्यासाठी थांबले नाही.

थांबले नाही, कारण आईचं दीड वर्ष. त्या दुखण्याला डॉक्टर ‘नागिणीनंतरची मज्जातंतूवेदना’ म्हणतात. फोड गेल्यावर तीन महिन्यांनंतरही आग उरली की हे नाव लागतं. नागीण झालेल्या दर दहांतल्या एकाला, कुठं त्याहूनही जास्तांना ते होतं, आणि वय जितकं जास्त तितकं हे उरण्याची शक्यता जास्त. विषाणू मारणाऱ्या गोळ्या आहेत, आणि त्या ज्यांच्या हाताखाली तयार झाल्या त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये नोबेलही मिळालं. पण गोळी फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागते. आमच्या घरी त्या ७२ तासांत दूर्वा वाटल्या जात होत्या. नागीण कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर उठली तर तासही मोजू नयेत, थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं, कारण तिथं नजर पणाला लागलेली असते. या विषयावर पुस्तिकेत डॉक्टरबाईंनी पाचवं प्रकरण लिहिलंय. बाकी काही वाचलं नाहीत तरी तेवढं वाचा.

आता लस घेतल्यावर काय होतं ते. याबाबत डॉक्टर लोक ‘थोडा ताप, थोडी कणकण’ असं म्हणून मोकळे होतात. माझा त्यांच्यावर राग आहे तो यासाठीच. मला पहिला डोस गुरुवारी संध्याकाळी दिला. लस भुकटीच्या रूपात येते, बरोबरच्या बाटलीतल्या द्रवात ती मिसळून दंडात खोल टोचतात. टोचताना काहीच वाटलं नाही. रात्री बाराला हुडहुडी भरली. दोन चादरी घेतल्या, तरी दात वाजत होते. सकाळी दंड वर होईना, डोकं जड, अंग असं मोडून आलेलं की चहाचं भांडं उतरवताना दोन्ही हात लागले. शुक्रवार गेला, शनिवारी दुपारपर्यंत सगळं ओसरलं. मग मी आकडे वाचले. लस घेणाऱ्या शंभरांतल्या ७८ जणांचा दंड दुखतो. ४५ जणांचं अंग दुखतं, जवळपास तितक्यांनाच थकवा येतो, ३८ जणांचं डोकं दुखतं, २७ जणांना हुडहुडी, २१ जणांना ताप. आणि सहातल्या एकाला इतका त्रास होतो की त्या दिवशी रोजची कामं करता येत नाहीत. हा सहावा माणूस मी होते. हे आधी सांगितलं असतं तर मी शुक्रवारी बँकेचं काम ठेवलं नसतं आणि डॉक्टरबाईंनाही फोन केला नसता.

गंमत म्हणजे हा त्रास सत्तरीपुढच्यांना कमी होतो आणि पन्नास-साठीतल्यांना जास्त. तरणं शरीर जास्त आरडाओरडा करतं. साधारण दोन-तीन दिवसांत सगळं निवतं. पॅरासिटामॉल घ्यायला हरकत नाही, फक्त एखाद्या दिवसाचं लग्नकार्य, प्रवास, नातवंडं सांभाळायची जबाबदारी त्या आठवड्यात ठेवू नये. आमच्या संघात अनेक जण पहिल्या डोसच्या कणकणीला घाबरून दुसऱ्याला जात नाहीत. दुसरा दोन ते सहा महिन्यांच्या आत घ्यायचा असतो, आणि तो घेतल्याशिवाय वरचे सगळे आकडे आपल्याला लागू होत नाहीत.

एक दुर्मीळ गोष्टही मी लपवणार नाही. गियाँ-बारे नावाचा आजार आहे, त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते आणि हातापायांतली ताकद जाते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मार्च २०२१ मध्ये या लशीच्या माहितीपत्रकात त्याचा इशारा घातला. त्यांच्या हिशेबानं ६५ वर्षांवरच्या लोकांत दर दहा लाख डोसांमागे असे साधारण तीन रुग्ण जास्त दिसले. तीन म्हणजे शून्य नव्हे. मला स्वतःला तो आकडा वाचून एक रात्र झोप लागली नाही. मग मी शेजारी दुसरा आकडा ठेवला: आयुष्यात केव्हा ना केव्हा नागीण होणारं माणूस दर तिघांत एक. अमेरिकेतला आहे हा अंदाज, पण आपल्याकडे कांजिण्या न झालेली म्हातारी माणसं मी तरी पाहिलेली नाहीत.

ज्यांना नागीण आत्ता उठलेली आहे त्यांनी ती बरी होईपर्यंत थांबावं. पूर्वी होऊन गेली असेल तरी लस घेता येते, कारण नागीण पुन्हा उठू शकते. कांजिण्या झाल्याचं आठवत नसेल तरी घेता येते. आधीच्या डोसला अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडला असेल त्यांनी पुढचा घेऊ नये. जिवंत विषाणू नसल्यामुळे केमोथेरपी चालू असलेल्यांना किंवा संधिवाताची तीव्र औषधं घेणाऱ्यांनाही ही देता येते, पण केव्हा द्यायची ते त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

आणि आता पैसे. संघाच्या सभेत हा विषय निघाला की लशीबद्दलचे सगळे प्रश्न बाजूला पडतात. एका डोसला दहा हजारांच्या आसपास, दोन मिळून वीस हजारांच्या घरात किंवा थोडं वर. नवरा-बायको दोघांनी घ्यायची म्हणजे पेन्शनमधून चाळीस हजार. पाठीमागून कुणीतरी हमखास म्हणतं, विम्यातून मिळतील ना?

मलाही तसंच वाटलं होतं. गेली बावीस वर्षं एकाही क्लेमशिवाय प्रीमियम भरतेय, तेव्हा दोन बिलं, डॉक्टरांचं पत्र, बॅच नंबरचं स्टिकर असं सगळं व्यवस्थित जोडून मी कंपनीकडे पाठवलं. दोन ओळींचं उत्तर आलं. आमचा एजंट सज्जन माणूस आहे, त्यानं घरी येऊन समजावलं, “ताई, लस म्हणजे आजार नव्हे. आणि आजारच नसेल तर क्लेम कशाचा?” मी म्हटलं, बरं, मग मला नागीण झाली असती तर दिले असते? तो म्हणाला, “चोवीस तास अ‍ॅडमिट झाला असतात तर.” आणि मग स्वतःच हसला, कारण नागिणीसाठी अ‍ॅडमिट फार थोडे होतात. फोड घेऊन माणूस ओपीडीत जातो, गोळ्या घेऊन घरी येतो. पुढं वर्षभर मज्जातंतूच्या गोळ्या, त्वचेचे डॉक्टर, पेन क्लिनिक, सगळं ओपीडीतच. आमच्या आईनं दीड वर्षं काढली आणि त्यात एक रात्रही रुग्णालयात गेली नाही. म्हणजे नेहमीच्या आरोग्य विम्याच्या नजरेत ती आजारीच नव्हती. आपला विमा रुग्णालयाच्या खाटेला जोडलेला आहे, दुखण्याला नाही, ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा इतकी स्वच्छ दिसली.

पॉलिसीच्या पुस्तिकेत ‘वगळलेल्या बाबी’ असं प्रकरण असतं, तिथं बहुतेक वेळा लसीकरणाचा उल्लेख असतो. अपवाद दिसतो तो कुत्रं वगैरे चावल्यानंतरच्या इंजेक्शनांचा. काही पॉलिसींना ओपीडीचं जादा कवच जोडता येतं, काहींमध्ये प्रतिबंधात्मक आरोग्याच्या नावाखाली वर्षाला ठरावीक रक्कम असते. मुलगा-मुलगी नोकरीत असतील तर त्यांच्या ऑफिसच्या पॉलिसीत आईवडील आहेत का, आणि तिच्यात ओपीडी आहे का, हे विचारावं. विचारताना फोनवर नको, ई-मेलवर विचारावं आणि ‘प्रौढांचं लसीकरण’ हे शब्द वापरावेत. ‘नागिणीची लस’ लिहिलं तर पलीकडच्या मुलाला कळत नाही, मी अनुभवानं सांगते.

सरकारी योजनांचंही तेच. सत्तरीपुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमधून पाच लाखांपर्यंतचं कवच मिळालं, आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. दोन्ही मोठ्या उपचारांसाठी, रुग्णालयासाठी. त्या आहेत म्हणून कितीतरी घरं वाचली, याबद्दल वाद नाही. पण राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात म्हाताऱ्यांची ही लस नाही. आपला लसीकरणाचा सगळा विचार पाळण्याभोवती बांधलेला आहे. ते योग्यच होतं, पोलिओ त्यामुळेच गेला. फक्त आता आपल्याकडे साठीपुढची माणसंही कोटींनी आहेत.

इतर देशांनी काय केलं? ऑस्ट्रेलियानं नोव्हेंबर २०२३ पासून ६५ वर्षांवरच्या सगळ्यांना ही लस फुकट द्यायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये त्याच वर्षी सप्टेंबरपासून वयाची ६५ पुरी करणाऱ्यांना दवाखान्याचं बोलावणं येऊ लागलं. जर्मनीत २०१९ पासून साठीपुढच्यांचा खर्च सार्वजनिक विमा उचलतो. अमेरिकेची कथा जरा लांबलेली. तिथल्या वृद्धांच्या सरकारी विम्याला मेडिकेअर म्हणतात. त्याचे भाग आहेत, आणि नागिणीची लस नेमकी औषधांच्या भागात पडली होती, जिथं स्वतःच्या खिशातून बरेच पैसे भरावे लागायचे. फ्लूची लस मात्र दुसऱ्या भागात, फुकट. २०२२ च्या एका कायद्यानं हे बदललं आणि १ जानेवारी २०२३ पासून या भागातल्या शिफारस केलेल्या लशी फुकट झाल्या. नोकरीतल्या पन्नाशीपुढच्यांनाही बहुतेक खासगी विम्यांत ती पदरचं काही न घालता मिळते. औषधांच्या दुकानातच फार्मासिस्ट टोचतो.

हे सांगायचं कारण म्हणजे आमच्या संघातली निम्मी मुलं न्यू जर्सी नाहीतर बे एरियात आहेत. सहा महिन्यांच्या मुक्कामाला गेलेल्या आईवडिलांना मुलगा म्हणतो, “इथं फुकट आहे, कोपऱ्यावरच्या दुकानात चला.” फुकट आहे ती त्याच्या विम्यात, त्याच्यासाठी. पाहुण्या आईवडिलांसाठी काढलेला प्रवासी विमा अचानक आलेल्या दुखण्यासाठी असतो, लशीसाठी नाही. खिशातून घ्यायची तर तिथं एका डोसला दोनशे डॉलरच्या पुढे, म्हणजे पुण्याहून महाग. ग्रीन कार्ड असलं तरी मेडिकेअरचं दार सहसा पासष्टी आणि तिथली सलग पाच वर्षं झाल्यावर उघडतं. तेव्हा जाणाऱ्यांनी दोन्ही डोस इथंच उरकून जावं. एक इथं, एक तिथं हा घोळ आमच्याकडे दोघांनी घातला, आणि दुसऱ्या डोसच्या वेळी पहिल्याचं प्रमाणपत्र ठाण्याच्या कपाटात राहिलं होतं.

मला विचाराल तर विमा नियामकानं ओपीडीतल्या दुखण्याकडे एकदा नीट पाहायला हवं. चाळीस हजारांची लस नाकारून कंपन्या पैसे वाचवत नाहीत, कारण नागीण झाली तरी त्या देणारच नसतात. तोटा पूर्णपणे घरचा असतो. म्हणूनच त्यांना घाई नाही, आणि आपल्यालाही विम्याची वाट पाहून उपयोग नाही. वीस हजार ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्याबद्दल मी काय बोलू? माझी स्वयंपाकाला येणारी बाई पंचावन्नची आहे, तिला मधुमेह आहे, आणि तिच्यासाठी हे पुस्तक आत्ता तरी एका कल्पित गोष्टीसारखं आहे.

अलीकडे आणखी एक गोष्ट ऐकू येते की ही लस घेतली तर स्मृतिभ्रंश होत नाही. झालंय असं: वेल्समध्ये २०१३ साली नागिणीची जुनी लस २ सप्टेंबर १९३३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच मिळाली, त्याआधी जन्मलेल्यांना कधीच नाही. म्हणजे चार-दोन दिवसांच्या अंतरानं जन्मलेली माणसं दोन गटांत विभागली गेली. संशोधकांनी सात वर्षांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंश सुमारे पाचव्या हिश्शानं कमी दिसला. २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे आलं. अभ्यास फार चतुर आहे, पण तो जुन्या लशीचा आहे, आणि नुसत्या तेवढ्यासाठी कुणी दंड पुढे करू नये असं माझं मत. डॉक्टरबाईंचं मत थोडं वेगळं आहे, ते त्यांनी शेवटच्या प्रकरणात लिहिलंय.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर त्यांनी एक चौकट छापलीय: नाव, पहिल्या डोसची तारीख, दुसऱ्याची तारीख, बॅच नंबर. माझ्या प्रतीतली चौकट भरलेली आहे. आमच्या घरातल्या दुसऱ्या प्रतीत पहिली तारीख जुलैची आहे आणि दुसऱ्या जागी यजमानांनी पेन्सिलनं लिहून ठेवलंय, ‘दिवाळीनंतर, फराळ झाल्यावर’.